न ऐकलेल्या गाण्याची तारीफ

माघातली दुपार. मोहोरगंधाने जडावलेली, काजूच्या तांबूस पालवीतून गाळून आलेली, तांबड्या मातीवर सोनेरी सांडलेली. वेंगुर्ल्याच्या समुद्रावरचा वारा घाटी चढता चढता दमे आणि शार्दूल केळुसकराच्या माळ्याच्या खिडकीपाशी येऊन थबके. आत त्याला मज्जाव होता. आत गाणी शिजत होती, आणि शिजत्या गाण्यात वारा शिरलेला चालत नाही.

माळ्याच्या भिंतींवर गोधड्या टांगलेल्या. जांभळ्या, मोरपंखी, हळदपिवळ्या. आवाज भिंतीवर आपटून माघारी येऊ नये म्हणून आईच्या लुगड्यांना मिळालेली ही दुसरी नोकरी. मधोमध संगणक, त्याच्या दोन्ही अंगांना दोन कृष्णवर्ण स्पीकर, आणि समोर शार्दूल. खाली बाजारात माणसांना चष्मे लावून देणारा, वर माळ्यावर सुरांना.

भातलावणीला जशी सावड असते, आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू, तशी या घरगुती गाणेकऱ्यांची सावड होती. घरीच गावे, घरीच ध्वनिमुद्रण करावे, पेटी, तबला, आवाज घरीच एकमेकांत मिसळावे. त्या मिसळणीला ते मिक्स म्हणत. मग एकाचे मिक्स दुसऱ्याने आधी निवांत ऐकावे, गुणदोष सांगावेत. कान दिल्याशिवाय कान मिळत नसे.

महिन्याकाठी एका रविवारी सारे जमत. ज्याने ऐकले त्याने आधी सर्वांसमोर बोलायचे, मग गाणे लागायचे. हा क्रम बाबल परुळेकराचा, लग्नमांडवांना माईक पुरवणाऱ्या बाबलचा. गाणे लागल्यावर सगळेच शहाणे होतात, असे त्याचे म्हणणे.

शार्दूल कान घेण्यात उधळा होता, देण्यात चिक्कू. पण शब्दांचा मात्र कुबेर. काही वाक्ये कुठल्याही गाण्याला शोभतात, हे त्याला फार लवकर कळले होते. तळ जरा दाट झालाय. आवाज एक पाऊल मागे घ्या, पेटी उजळेल. शेवटी थोडी शांतता ठेवा. प्रत्येकाच्या डोळ्यांना एकच नंबर लावणारा चष्मेवाला बाजारात आठवडाभर टिकला नसता. माळ्यावर तो वर्षभर टिकला, आणि वर जाणकार ठरला.

या खेपेला त्याच्या वाट्याला कुंदाताई मयेकर आल्या होत्या.

कुंदाताई म्हणजे बालवाडीतल्या पिढ्यान् पिढ्यांना टाळ्या वाजवायला शिकवून निवृत्त झालेली शुभ्रकेशी, मंदस्मित बाई. त्यांचे वडील देवळात भजन म्हणत. वडील गेले, मागे एक कॅसेट उरली. ती संगणकात उतरवताना, उतरवून होता होताच, जीर्ण फीत तुटली. आता तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता, कुंदाताईंच्या घरच्या संगणकात. त्या आवाजाखाली त्यांनी आपली पेटी वाजवून ठेवली होती. हळुवार, पायाशी बसल्यासारखी.

शार्दूलला पाठवताना त्यांनी लिहिले होते, "बाबा गेल्यार पयल्यांदाच कोणाक तरी आयकवतंय. खरा काय ता सांग."

त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक होते. शार्दूलने एका हाताने काच पुसली, एका हाताने उत्तर धाडले. बाबांचा आवाज म्हणजे गाभाऱ्यातली समई, फक्त एक पाऊल मागे घ्या. गाणे संध्याकाळी ऐकू, असे त्याने मनाशी ठरवले. संध्याकाळ आली, केशरी झाली, विझली. दुसरी आली. तीही विझली. उत्तर तर देऊन झाले होते, मग ऐकण्याची घाई कसली?

आणि आता रविवार. गोधड्यांच्या रंगीत कुशीत माणसे दाटीवाटीने बसलेली. आज शार्दूलचेही नवे गाणे लागणार होते, ते सावडीने कुंदाताईंनी ऐकले होते. पण आधी त्याची पाळी. तो उठला आणि बोलला, आणि काय बोलला! समई आली, गाभारा आला, पाठोपाठ चंदनही आले. कुंदाताईंचे डोळे भरून आले. ते भरलेले डोळे शार्दूलने खुशाल आपल्या खात्यावर जमा करून घेतले.

मग कुंदाताईंनी शार्दूलला पाठवले होते तेच गाणे आपल्या फोनवरून लावले.

पेटी आली. भात्याने श्वास घेतला, सुरांची नीलवर्ण पायवाट उलगडली, वळली, एका उंबऱ्याशी येऊन अदबीने थांबली. आता आवाज येणार. आवाज आला नाही. पेटी पुढे निघाली. पुन्हा थांबली. पुन्हा कोणी आले नाही. रिकाम्या पालखीबरोबर भोई चालावेत तशी ती पेटी चालत राहिली, तालात, श्रद्धेने, कुणालाही न वाहता.

कुंदाताईंचा चेहरा कापसासारखा पांढरा झाला. त्यांनी गाणे मागे नेले, पुन्हा लावले. पेटी, केवळ पेटी. फीत तुटलेली. घरच्या संगणकातलाही आवाज गेला असेल तर? तर बाबा दुसऱ्यांदा गेले. बुडत्या माणसाने फळीकडे वळावे तशा त्या शार्दूलकडे वळल्या.

"तू आयकलंस तेवा बाबांचो आवाज होतो मा रे?"

खरे सांगायला एक क्षण पुरला असता, आणि तो क्षण अजून ताजा होता. शार्दूलच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. पण जीभ सवयीची गुलाम.

"होतो," तो म्हणाला.

कुंदाताईंच्या अंगात जीव आला. रंग परतला, हात जुळले. "मगे तुझ्याकडे असतलो. दाखव बघू, पोरा."

आता फोन न देण्याला कारण उरले नव्हते. शार्दूलने संदेश उघडला. त्याचे स्वतःचे समई-गाभाऱ्याचे उत्तर आधी दिसले, आणि त्याच्या वर ते गाणे. गाण्यावर एक छोटासा, खाली टोक केलेला बाण. ज्याला कुणी स्पर्शही केलेला नाही, त्या गाण्यावर असतो तो बाण. गाणे फोनात कधी उतरलेच नव्हते.

कुंदाताईंनी बाण पाहिला. त्याला पाहिले. पुन्हा बाण पाहिला.

बाबलने तोंड उघडले. लग्नमांडवात नवरदेवालाही न सोडणारे ते तोंड, आणि ते तसेच मिटले. त्याने टोमणा मारला असता तर बरे झाले असते, असे शार्दूलला वाटले. चेष्टेच्या आडोशाला निदान उभे तरी राहता येते. त्या मौनात उभे राहायला जागा नव्हती.

मग कुंदाताईंनी घरी भाचीला, वेदाला, फोन लावला. संगणक उघडायला सांगितला. वेदाला फार शोधावे लागले नाही. पेटी नीट करताना मावशीने बाबांचा आवाज तेवढा म्यूट केला होता, आणि गाणे बाहेर काढताना तो उघडायचा राहिला होता. आवाज आत शाबूत होता, ओठांवर बोट ठेवून बसलेला. वेदाने तो तिथेच लावला. फोनच्या इवल्याशा जाळीतून एका म्हाताऱ्याचा कापरा, करवंदी, मातकट स्वर माळ्यावर आला. सगळ्यांच्या माना खाली झुकल्या. शार्दूलची सर्वांत खाली. समई? गाभारा? तो आवाज समईसारखा मुळीच नव्हता. तो अंगणातल्या चुलीसारखा होता, धुरकट आणि ऊबदार, आणि त्याला एक पाऊल मागे घ्यायला सांगणे म्हणजे घरच्या धन्याला पडवीत बसवणे होते.

कुंदाताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर फिटंफाट झाली असती. त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि शार्दूलच्या गाण्याबद्दल बोलायला लागल्या, कारण आता पाळी त्यांची होती. त्यांनी ते खरोखर ऐकले होते. दुसऱ्या कडव्यात पंख्याची घरघर आहे. तबला डाव्या अंगाला कलला आहे. अमुक शब्दापाशी तू हसलास, ते ठेव, ते छान आहे. एकेक गोष्ट त्या फुलासारखी वेचून त्याच्या ओंजळीत ठेवत गेल्या, आणि ओंजळ जड होत गेली.

"श्वास मात्र सगळे कापलंस रे," शेवटी त्या म्हणाल्या. "गाणारो खंय दमलो ता कळूकच नाय."

आणि जिना उतरताना, मागे न वळता, "तुझा आयकणा रवला हा."

माणसे गेली. शार्दूलने खिडकी उघडली नाही, दिवा लावला नाही. त्याने कानांवर हेडफोन चढवले आणि त्या बाणावर बोट ठेवले.

पेटी आली. या वेळी त्याने ती अखेरपर्यंत ऐकली, मग पुन्हा, मग पुन्हा. आणि हळूहळू त्याला दिसू लागले की ही पेटी वाजत नाही, ही चालते आहे. एखादी मुलगी आपल्या थकल्या बापाचे बोट धरून चढण चढते तशी. बाप दमला की ती थांबते. त्याने श्वास घेतला की तीही घेते. त्याने पाऊल उचलले की तीही उचलते. बाप दिसत नव्हता, पण त्याची प्रत्येक धाप तिच्या थांबण्यात होती, त्याचे प्रत्येक पाऊल तिच्या निघण्यात होते.

पेटी चालली. थांबली. चालली.

थांबली.