महापुरातून निघालेल्या खिट्ट्या

सन्मती चौगुल्यांच्या सांगलीतल्या हार्डवेअरच्या दुकानात महापूर शिरला, तेव्हा कुलपं, बिजागऱ्या, कड्या, सगळं पाण्याखाली गेलं. पूर ओसरल्यावर गंजका माल पोत्यांनी भंगारात गेला. एका खोक्यातल्या चपट्या खिट्ट्या मात्र लख्ख निघाल्या. तेव्हापासून हे कौतुक ऐकल्याशिवाय एकही गिऱ्हाईक दुकानातून सुटलं नाही.

पुढं लेक प्रियदर्शनीनं मैत्रिणीबरोबर रत्नागिरीत शिडाची बोट बांधायला घेतली. केबिनच्या जमिनीत झाकणं होती आणि त्यांच्याखाली जड बॅटऱ्या. बोट कलंडली आणि झाकण उघडलं, तर बॅटरी थेट झोपलेल्याच्या डोक्यात. परदेशी खिट्ट्या यायला वेळ होता.

"कशाला पायजेत त्या?" सन्मती म्हणाले. "माझ्या महापुरातनं निघाल्यात. ह्याच्यावर आणि काय परीक्षा असती गं?" आणि त्यांनी खोक्यातल्या खिट्ट्या तिच्या हवाली केल्या.

लक्षद्वीपला निघायच्या आदल्या दिवशी तिनं हौसेनं केबिनचा फोटो धाडला. त्यात एका खिट्टीखाली तांबूस ओघळ होता. सन्मती तडक दुकानात गेले. उरलेली एक खिट्टी खोलून त्यांनी आतल्या स्प्रिंगला चुंबक लावलं, ते टपकन चिकटलं. वरून चांगलं स्टील आणि आत साधं लोखंड! नदीच्या पाण्यानं जे सोडलं ते समुद्राचं खारं पाणी कसं सोडेल? एवढी साधी गोष्ट, पण सांगलीच्या माणसाला पाणी म्हटलं की कृष्णाच दिसते.

फोन लागेना. जैन बस्तीत देवदर्शन घेतल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारे सन्मती पहाटे तसेच गाडीत बसले. आंबा घाट उतरेपर्यंत घसा कोरडा पडला, तरी त्यांनी बाटलीला हात लावला नाही.

बोट अजून धक्क्यालाच होती. त्यांचा जीव भांड्यात पडला. आत उतरून त्यांनी खिट्टी न फिरवताच झाकण ओढलं. ते अलगद हातात आलं.

"तपासलं न्हाईस व्हय गं?" ते लेकीवर ओरडले. "शिडाची दोरी न् दोरी वडून बघतीस, स्क्रू न् स्क्रू हलवून बघतीस. आणि ह्या?"

प्रियदर्शनीनं वाकून खिट्टीखालचा तांबूस ओघळ बोटानं पुसला.

"सगळं तपासलं, आप्पा," ती म्हणाली. "ह्या तेवढ्या न्हाईत. ह्या तुमी दिलेल्या."

तिनं पाण्याची बाटली पुढं केली. अजून दर्शन व्हायचंय, असं काहीतरी पुटपुटत सन्मती झाकण हातात धरून तिथंच खाली बसले.