दुरुस्त न झालेला डावा बूट

मी एक जुना बूट आहे मित्रांनो, डाव्या पायाचा. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. आणि मी जळतो तो कुणा परक्यावर नाही, माझ्या सख्ख्या भावावर, उजव्या बुटावर.

आम्हाला एका कारागिराने आपल्या बायकोसाठी शिवले, एकाच कातड्यातून. ती दवाखान्यात परिचारिका होती. एवढे मऊ बूट कुठून आणले, असे कुणी विचारले की ती कौतुकाने उजवा पाय पुढे करायची. मी मागेच. तेव्हापासून माझ्या पोटात दुखू लागले.

एका सकाळी ती पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत असताना भरधाव मोटारीने तिला उडवले. तिचा उजवा पाय मोडला, उजवा बूट फाटला. मला ओरखडाही आला नाही, हाच माझा गुन्हा. कारागिराने मला पलंगाखाली भिरकावले आणि उजव्याला मांडीवर घेतले. बायको दवाखान्यात पडलेली, घरात त्याला करमत नव्हते. त्याने उजव्याला टाके घातले, नवा तळ लावला, चकाकेपर्यंत घासले. जुना तळ कचऱ्यात गेला. धुळीत पडून हे लाड पाहताना माझा नुसता जळफळाट होत होता.

तिला घरी आणले, पण आणखी एक शस्त्रक्रिया झाल्याशिवाय ती चालू शकणार नव्हती, आणि भरपाई मिळाल्याशिवाय शस्त्रक्रिया परवडणार नव्हती. पट्ट्यांवर पहिला हक्क चालणाऱ्याचा, असे त्यांची बाजू घेतलेल्या वकीलबाईंनी घरी येऊन समजावले. मोटारवाला मात्र म्हणत होता की बाई पट्ट्यांवर नव्हत्याच, मधूनच धावत आल्या. परिचारिकेला एवढेच आठवत होते की पट्टे नुकतेच रंगवलेले होते आणि पायाला चिकटत होते. वकीलबाईंनी बूट मागितले. कारागिराने मोठ्या अभिमानाने उजवा पुढे केला.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, हा पुरावा होता. तुम्ही तो दुरुस्त करून टाकलात."

त्याने बूट परत मांडीवर घेतला. "फाटका कसा ठेवू ताई? तिच्या पायातला आहे तो."

"अहो, आणि डावा?" परिचारिकेने विचारले.

जन्मात पहिल्यांदा कुणी माझी चौकशी केली. मला ओढून काढून उलटे केले, तर तळावर पट्ट्यांचा पांढरा रंग तसाच वाळलेला. कोर्टात न्यायाधीशांनी चष्मा सावरून मला निरखले. उजवा घरी बसला होता. काय सुख वाटले म्हणून सांगू! भरपाई मंजूर झाली.

मी मात्र पारदर्शक पिशवीत, कोर्टाच्या कपाटातच राहिलो. शस्त्रक्रियेनंतर ती कोर्टात वकीलबाईंना भेटायला स्वतःच्या पायांनी आली, तेव्हा काचेतून मी पाहिले. उजव्या पायात माझा भाऊ होता. डाव्या पायात नवाकोरा बूट, त्याच हातांनी शिवलेला. अजून झोंबते ते मला.

मित्रांनो, अपघात झाला तर अंगावरच्या वस्तू धुऊ नका, शिवू नका, तशाच जपून ठेवा. आणि उद्या गाडी चालवाल तेव्हा पट्ट्यांपाशी थांबा. तिथून तो नवा डावा चाललेला असेल. तो मला डोळ्यांसमोर नको आहे, पण त्याला धक्का लागू देऊ नका. आतला पाय तिचा आहे.