पत्रताईची उशी

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर एका टोकाला कापसाचा गोळा लागेल आणि दुसऱ्या टोकाला नुसते कापड. मी एक जुनी उशी आहे. तक्रार करायला आलेले नाही. देवाचे आणि चार माणसांचे आभार मानायचे राहून गेले आहेत, म्हणून बोलते.

माझा जन्म शिंपीकाकांच्या मशीनखाली झाला. उरलेले निळे कापड, आत नवा कापूस. काका शिवताना देवाचे नाव घेत, एका टाक्याला एक. इतके नामस्मरण पोटात घेऊन मी पत्रताईच्या खाटेवर आले.

आमची पन्नास घरे लांबून येऊन या शहरात वसली. शहराची भाषा निराळी, आमची निराळी. दिवसपाळीच्या जागा आधीच भरलेल्या, म्हणून रात्रपाळी बहुतेक आमच्याच लोकांच्या वाट्याला येते. पत्रताई इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रभर उभ्याने चादरींच्या घड्या घाली. सकाळी नऊला माझ्यावर डोके टेकी, आणि सव्वानऊला दारावर टकटक!

कारण शहराची भाषा नीट वाचणारी आमच्यात ती एकटी, म्हणून तर नाव पत्रताई. विजेचे बिल, शाळेची चिठ्ठी, कचेरीची नोटीस. "झोपली होतीस का गं? दोनच ओळी आहेत," म्हणत माणसे आत येत. त्या दोन ओळींना तास लागे. नाही म्हणणे तिला पाप वाटे. राहिलेली पत्रे माझ्याखाली सारून ती पुन्हा आडवी होई, पुढच्या टकटकीपर्यंत. आणि मी वेडी फुगून बसे, की अख्ख्या वस्तीचे कागद माझ्या भरवशावर आहेत!

मग तिला मधुमेह निघाला. आमच्यात तो घराघरात आहे, त्यामुळे कोणी दचकले नाही. तिने गोड सोडले, ताट अर्धे केले, एक गोळी चुकवली नाही. तरी साखर उतरेना. बुटाने घासून अंगठ्याला जखम झाली, ती दोन महिने भरेना. डॉक्टरांनी बजावले, असेच राहिले तर अंगठा काढावा लागेल. उभ्याने काम करणाऱ्या बाईचा अंगठा, मित्रांनो!

घरात तिची मोठी नणंद. जीव लावणारी, पण जीभ कात्रीसारखी. "वहिनी, तू चोरून गोड खातेस," हे तिने मनाशी पक्केच केले होते.

एके दिवशी अकराच्या सुमारास नर्सबाई जखम बांधायला आल्या. आमच्याच वस्तीत वाढलेल्या. पट्टी होईपर्यंत दार तीनदा वाजले.

"ताई, तुम्ही झोपता कधी?" त्यांनी विचारले.

"झोपते की. मधूनमधून."

"सलग किती?"

पत्रताई बोटांवर तास मोजू लागली. नणंद मात्र उसळली. "झोपेचं काय घेऊन बसलात? हिच्या उशीखाली बघा, मिठाईचा पुडा निघेल!" आणि तिने मला उचलले.

खाली सतरा पत्रे. मिठाईचा कणही नाही.

नणंदेला वाचता येत नव्हते, पण एका कागदावरचा तेलाचा डाग तिने ओळखला. "हा तर माझा..."

"परवा तुम्हीच उठवलंत ना, वन्सं," पत्रताई म्हणाली, अगदी साधेपणाने. नणंद मला पोटाशी धरून खाली बसली.

नर्सबाई हळू बोलल्या, "झोप अशी तुटत राहिली की शरीराला साखर नीट सांभाळता येत नाही. गोळ्या, पथ्य चालूच ठेवा, पण झोपही हवी. आपल्या घरांत हे कोणी विचारतच नाही. मीही आज पहिल्यांदा विचारलं."

त्याच संध्याकाळी शिंपीकाकांनी निळ्या कापडाची पिशवी शिवून दाराला बाहेरून टांगली. माझी धाकटी बहीणच ती! पत्रे तिच्यात टाकायची. पत्रताई चारनंतर वाचणार. दुसऱ्या दिवसापासून नणंद दाराबाहेर स्टूल टाकून बसली.

"मावशी, दोनच ओळी आहेत हो."

"मग त्या काय चारपर्यंत पळून जातात? टाक पिशवीत!"

पहिले दोन दिवस पत्रताई नुसती पडून होती, अपराध्यासारखी. तिसऱ्या दिवशी ती सलग सहा तास झोपली, तोंड उघडे टाकून. माझा अभ्रा लाळेने भिजला. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

साखर हळूहळू उतरली. जखम भरली. अंगठा आपल्या जागी आहे. आणि नणंद? स्टुलावर बसून करायचे काय, म्हणून ती पत्रताईकडून रोज संध्याकाळी एकेक अक्षर शिकली. काल कोणी नोटीस घेऊन आले, तर तिने पिशवीकडे बोटही दाखवले नाही. अडखळत, कुजबुजत स्वतःच वाचून दाखवली: उद्या पाणी येणार नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शेजारात कोणी दिवसा झोपत असेल. ते माणूस आळशी नाही. तुम्ही झोपला होतात तेव्हा ते जागे होते. त्याच्या दारापाशी चेंडू वाजवू नका. दोन ओळींचे काम असेल तर थोडे थांबा, नाहीतर स्वतः वाचायला शिका.

आता माझे बोलणेही पुरे. नऊ वाजले. पत्रताईचे डोके टेकले, आणि बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला.