यादीत न लिहिलेले साचे

घरात सगळे त्यांना 'नियमबुवा' म्हणून चिडवायचे, आणि त्यात खोटं काय होतं? पस्तीस वर्षं कचेरीचं दप्तर सांभाळलेला माणूस, घरातल्या चहाच्या डब्यालाही चिठ्ठी चिकटवायचा! धाकटा भाऊ मात्र बूट शिवायचा. वाकड्या, आखूड, अधू पायांना बेतून बूट करावेत ते त्यानंच. बुवांचा स्वतःचा डावा पाय दोन बोटं आखूड. पण भावाच्या बुटांत ते जन्मभर कुणाला कळलं नाही. बूट घरपोच यायचे. बूटवाल्याचा भाऊ म्हणवून घ्यायची लाज, म्हणून बुवा दुकानाकडे कधी फिरकले नाहीत.

तरी जाताना भावानं मृत्युपत्रात लिहिलं, भाड्याच्या जागेतलं दुकान आणि त्यातली प्रत्येक वस्तू सुनेला द्यावी, आणि तिच्या हाती पडेपर्यंत सांभाळायची जबाबदारी दादाची. दहा वर्षं सासऱ्याशेजारी बसून शिकलेली ती सून.

वकिलानं बजावलं होतं, "आधी यादी करा, मगच वस्तू हलवा. काही गहाळ झालं तर व्यवस्थापक म्हणून तुम्हीच जबाबदार." नियमबुवांना नियम शिकवतोय! बुवा नुसते हसले.

आणि ह्याच शहाण्यानं, यादी नीटनेटकी व्हावी म्हणून, आधी दुकान आवरायला काढलं. पोटमाळ्यावर सहा पोती धुळकट लाकडी पावलं निघाली. कशाची टाच झिजलेली, कशावर चामड्याचे तुकडे ठोकलेले. "काय हा पसारा!" म्हणत बुवांनी पोती कोपऱ्यावरच्या पाववाल्याला भट्टीसाठी देऊन टाकली. मग लख्ख दुकानाची यादी केली आणि 'याखेरीज काही नव्हतं' असं शपथेवर लिहून कोर्टात दिली.

पंधरा दिवसांनी सून ताबा घ्यायला आली, पोटमाळ्यावर चढली आणि तशीच खाली उतरली.

"मोठे मामंजी, साचे कुठायत?"

"कसले साचे?"

"गिऱ्हाइकांच्या पायांचे. ज्याचा त्याचा वेगळा. त्यावरच बूट चढतो. ते नसतील तर दुकान काय, नुसत्या चार भिंती!"

बुवांना पाववाल्याला दिलेली ती सहा पोती आठवली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तोंडातून निघालं, "मी आलो तेव्हा नव्हते गं. किल्ली रखवालदाराकडे असायची."

दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय, दुकानाच्या दारात रखवालदार जागामालकापुढे हात जोडून रडतोय, शेजारी सून उभी, आणि मालक त्याला कामावरून काढायला निघालेला. बुवांना बघून रखवालदार धावतच आला. "साहेब, तुम्ही तरी सांगा! मी लाकडं चोरून काय करू?"

ज्याच्यावर आळ घेतला तोच आधार मागत होता. बुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्याला सोडा," ते म्हणाले. "साचे मी जाळायला दिले. यादीही खोटी आहे."

सून पाठ फिरवून दुकानात निघून गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं बुवांना झालं.

दुपारी ते वकिलाकडे गेले, चूक कबूल करून दुरुस्त यादीवर सही केली. नुकसान खिशातून भरावं लागेल, खोट्या शपथेचा जाबही द्यावा लागेल, असं वकील म्हणाला. बुवांनी मान डोलावली आणि ते खालमानेनं दुकानात परतले.

सुनेनं सासऱ्याची जुनी वही पुढे केली. "भरपाईचं कोर्ट बघेल. पण ह्यात बेचाळीस माणसं आहेत. कुणाला धड चालता येत नाही. प्रत्येकाच्या दारात तुम्ही जायचं, काय केलंत ते सांगायचं, आणि पुन्हा मापाला बोलवायचं."

बुवांनी वही उघडली. पहिल्याच पानावर भावाचं अक्षर होतं: 'दादा. डावा दोन बोटं आखूड. टाच जपणे.'

मग ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि डावा बूट काढला. सून कोरा कागद घेऊन खाली बसली.

"पाय टेका, मामंजी. आणि सांगा."

"काय?"

"सगळ्यांना सांगायचंय ते. सुरुवात पहिल्या गिऱ्हाइकापासून."

ती पेन्सिल फिरवू लागली. बुवांनी आपल्या आखूड पायाकडे बघत, अडखळत, सगळं पहिल्यापासून सांगितलं.