तिसरा पेला

इथल्या परराष्ट्र खात्याचे बाल्देरास लांबट पाकीट घेऊन आले, तेव्हा दूतावासात चहापाणी पाहणाऱ्या एम्बारकाने शेगडीवर चहाची किटली चढवली. औषधांच्या दुकानावरच्या या दोन खोल्या म्हणजे पश्चिम सहारा आपला देश मानणाऱ्या सहारावींचा दूतावास. गेल्याच महिन्यात शेजारच्या देशाने त्यांची मान्यता काढून घेतली होती. हे पाकीटही तसलंच असलं, तर ते हाती पडताच खिडकीबाहेरचा झेंडा उतरवावा लागणार होता.

"मावशी, जरा भरभर," राजदूत लहबीब कुजबुजला. त्याला हा ताण सोसवत नव्हता.

"चहाची घाई करायला तुझ्या आईने शिकवलं का?"

तीन पेले झाल्याशिवाय पाहुण्याने कामाचा विषय काढायचा नाही, ही वाळवंटातली रीत. अकरा वर्षांच्या येण्याजाण्यात बाल्देरासही ती शिकले होते. तंबूत एम्बारकाच्या आईच्या चहात अख्खी सकाळ जायची. एम्बारकाने तशीच उंचावरून धार धरली.

दुसरा पेला संपला. बाल्देरासांनी घड्याळ पाहिलं. आज शुक्रवार, त्यांची कचेरी एकला बंद व्हायची.

"बाई, तिसऱ्याला किती वेळ?"

"निखारे विझलेत. लागेल वेळ."

निखारे लालबुंद होते आणि ते त्यांनाही दिसत होते. त्यांनी पाकीट पुन्हा कोटाच्या खिशात घातलं.

"मग तिसरा सोमवारी घेऊ."

ते जिना उतरल्यावर लहबीब तिच्याकडे वळला. "दोन दिवसांत काय होणार, मावशी?"

"फोन उचल," ती म्हणाली. "इथल्या ओळखीच्या प्रत्येकाला कर. सोमवारच्या आत ते पाकीट अडवणारं कुणीतरी सापडायला हवं."