ओझेला पिकेन्सचं गाणं

ओझेला पिकेन्स क्लेटस हॉलोवेच्या नाचाच्या बँडसाठी गाणी रचते, हे कॅन्सस सिटीच्या व्हाइन स्ट्रीटवर सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तिच्या आईसमोर कुणी तो विषय काढत नसे. लॅव्हिनिया पिकेन्स चर्चमध्ये गाणाऱ्यांची प्रमुख. नाचाचं संगीत म्हणजे सैतानाचा उद्योग, असं तिचं ठाम मत. मुलगी दुपारी बाहेर पडली की ती कुठे निघालीस म्हणून विचारत नसे, आणि मुलगीही सांगत नसे.

एका दुपारी दोघी शेंगा सोलत बसल्या होत्या. शेजारच्या खिडकीतून रेडिओ ऐकू येत होता. निवेदक म्हणाला, "आता क्लेटस हॉलोवे यांचं स्वतःचं नवं गाणं!" सुरावट सुरू झाली आणि लॅव्हिनियाचा हात थांबला. तिचा नवरा रेल्वेत हमाल होता. कामावरून येताना गल्लीच्या वळणावर तो अशीच शीळ घालायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

"ही तुझ्या बापाची शीळ आहे."

"हो, आई."

"मग हा हॉलोवे कोण टिकोजी लागून गेला स्वतःचं म्हणणारा?"

"पद्धतच आहे तशी. बँड त्याचा, नाव त्याचं." ओझेलाने मान वर केली नाही. हे बोलताना आपल्याला किती लाज वाटतेय, हे तिला तेव्हाच कळलं.

लॅव्हिनिया उठली, चर्चची हॅट चढवली आणि तालमीच्या हॉलकडे निघाली. ओझेला मागून जवळजवळ धावतच होती.

हॉलमध्ये वाद्यं एकेक करून गप्प झाली. लॅव्हिनिया थेट हॉलोवेपुढे उभी राहिली. लहानपणी तो तिच्याच हाताखाली गायला शिकला होता.

"क्लेटस, तुझी आई दर रविवारी माझ्या शेजारी बसते. तिला काय सांगू? लेक चोऱ्या करतो?"

"मिसेस पिकेन्स, रेकॉर्डवाले ओळखीचंच नाव मागतात हो."

"मग पोरीचं नाव ओळखीचं कर! तोंड दिलंय ना देवाने?"

ड्रमवाला फिस्सकन हसला. हॉलोवेचे कान लाल झाले.

"आणि वाजवा ते. माझ्यासमोर."

ओझेला पियानोवर बसली. गाणं निम्म्यावर आलं तोच लॅव्हिनियाने हात वर केला. "एवढी घाई कसली? तो माणूस दमून घरी यायचा, उड्या मारत नव्हता."

ओझेलाने लय उतरवली. ट्रम्पेट हळू आवाजात आत शिरला. लॅव्हिनिया डोळे मिटून उभी राहिली. गाणं संपल्यावर हॅट सारखी करून ती घरी गेली.

शनिवारच्या नाचात हॉलोवेने ओझेलाला मंचावर उभं करून तिचं नाव पुकारलं. नव्याने छापलेल्या रेकॉर्डवर मात्र दोन नावं आली, आणि त्याचं आधी. ओझेलाला ते खुपलं. पुढचं गाणं तिने त्याला नुसतं वाजवून दाखवलं, सुरांचा कागद पर्समध्येच ठेवला.

"नाव फक्त माझं. पटत नसेल तर शिकागोचे बँड आहेत."

हॉलोवे पंधरवडाभर रुसून बसला. मग स्वतःच दारात आला. लॅव्हिनियाने त्याला आत घेतलं, मक्याचा पाव वाढला आणि ती म्हणाली, "खा आधी. मग ती काय म्हणते ते ऐक."