रुमालाला तिकीट नाही

खोटं बोलायचं असं मी ठरवून गेलो नव्हतो. ते तोंडातून निघालं, आणि त्याला कारण माझी नोकरी.

मी श्रीपती, मुक्काम मुरुम, तालुका उमरगा. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गाडी गच्च भरली की खाली राहिलेल्यांना कंडक्टर एकच वाक्य ऐकवतो, "मागनं गाडी येतीया, रिकामी हाय." मागून काही येत नसतं. हे कंडक्टरला माहीत असतं आणि खालच्या माणसांनाही माहीत असतं. पण तेवढ्यावर दार लागतं आणि डबल बेल देता येते. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता ते विचार न करता बाहेर पडतं.

कोकणातल्या त्या समुद्रकाठच्या बड्या हॉटेलात, तोंड दिसेल अशा फरशीवर, मी पिशवी घेऊन उभा होतो. काउंटरवरच्या मुलीच्या कोटावर 'वृषाली' अशी पाटी होती. तिनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, माझ्यामागं बघितलं आणि हसून विचारलं, "सर, बुकिंग दोघांचं आहे. मॅडम कुठं आहेत?"

"मागनं येत्यात," मी म्हणालो.

मॅडम म्हणजे माझी बायको भीमाबाई. ती जानेवारीत वारली. हा मार्च चालू होता.

बुकिंग आमच्या राजपालनं डिसेंबरात केलं होतं. राजपाल आमचा एकुलता एक, पुण्याला नोकरीला. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून त्यानं फोनवर आईला विचारलं, काय पाहिजे तुला? भीमानं साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. म्हणाली, "समिंदर बघायचाय. पर बसून. तुझ्या बाबांच्या शेजारी बसून." राजपाल हसला. मी हसलो नाही, कारण तो टोमणा मला होता.

ती गेल्यावर पोरगा म्हणाला, "बाबा, मी येतो तुमच्याबरोबर. एकटे कशाला जाताय?"

"तुझ्या आईची जागा हाय ती," मी म्हणालो. मला नंतर वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेणं मला उभ्या जन्मात जमलेलं नाही.

टोमण्याची गोष्ट अशी. लग्नाला वर्ष झालं होतं. मी उमरगा ते सास्तूर गाडीवर होतो. सास्तूर म्हणजे भूकंपाआधीचं जुनं सास्तूर, भीमाचं माहेर. त्या दिवशी तीही त्याच गाडीत होती. खिडकीशी बसलेली, आणि शेजारच्या सीटवर निळ्या काठाचा पांढरा रुमाल पसरलेला. रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा मला भारी राग. माणसं उभी आणि चिंधी बसलेली! तेवढ्यात डोक्यावर गाठोडं घेतलेला एक म्हातारा चढला. गाडीतल्या चौघांना ठाऊक होतं की ही कंडक्टरची बायको. आता हा काय करतो म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. मी रुमाल दोन बोटांत उचलला, तिच्या मांडीवर टाकला आणि मोठ्यांदा म्हणालो, "रुमालाला तिकीट न्हाय, बाई."

स्वतःच्या बायकोला 'बाई' म्हणालो. तिनं मान खाली घातली. घरी आल्यावर ताट वाढताना म्हणाली, "जागा तुमच्यासाठीच धरली हुती. सकाळधरनं हुबं हुता तुमी."

पुढं ती हे विसरली नाही आणि तिनं मलाही विसरू दिलं नाही. मी जेवायला आलो की म्हणायची, "बसा, हितं कोन रुमाल उचलत न्हाय." आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही आम्ही कुठल्याच प्रवासात शेजारी-शेजारी बसलो नाही. ती बसायची आणि मी तिकिटं फाडायचो. रिटायर झाल्यावर तिचे गुडघे गेले. मग समुद्राचं निघालं, आणि मग तीच गेली.

तर हॉटेल. आल्या आल्या दोन ग्लास शहाळ्याचं पाणी आलं. दोन्ही मीच प्यायलो, वाया कशाला घालवा. खोलीत दोन जाडजूड पांढरे झगे, दोन जोड सपाता, दोन उशा, आणि पलंगावर टॉवेलची दोन बदकं, चोचीला चोच लावून. मी एक बदक उचलून कपाटात ठेवलं. मग दुसऱ्याकडं बघवेना, म्हणून पहिलं परत आणून शेजारी ठेवलं.

दुपारी एका बिनआवाजाच्या गाडीतून मला गोल्फचं मैदान दाखवलं. अर्धा तालुका चरेल एवढं गवत आणि औषधाला एक शेळी नाही. एक माणूस पांढरा चेंडू मारतो आणि मग सगळे तो शोधत फिरतात. हे सांगायला शेजारी बघितलं. भीमा असती तर म्हणाली असती, हरवायचा हुता तर मारला कशाला? मी ड्रायव्हरला सांगून बघितलं. तो "येस सर" म्हणाला.

मग मालिश. तेही दोघांचं. अर्ध्या उजेडाच्या थंड खोलीत दोन पलंग, मध्ये फुलं ठेवलेली. तिथल्या बाईनं विचारलं, "मॅडमसाठी थांबायचं का?" मी म्हणालो, "दहा मिन्टं थांबू." ती थांबली. मीही थांबलो, झगा घालून, पलंगाच्या कडेवर. दहाची वीस मिनिटं झाली. दाराबाहेर पावलं वाजली की ती वर बघायची, आणि खरं सांगतो, मीसुद्धा बघायचो. शेवटी पोटात दुखतंय म्हणून मी उठून आलो.

संध्याकाळी जेवायला दोन ताटं मांडलेली. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, नाश्त्यालाही दोन. वृषालीनं पुन्हा विचारलं, "मॅडम निघाल्या का सर?" मी म्हणालो, "निघाल्यात." आता खोटं सोडवेना झालं होतं. मुरुमात सगळ्यांना माहीत होतं. घरी येऊन, मान हलवून, चहा पिऊन गेले होते लोक. अख्ख्या जगात हे एकच ठिकाण होतं जिथं भीमा अजून वाटेत होती. दुपारी बारा वाजता खोली सोडायची होती, म्हणजे तेवढाच वेळ ती यायची राहिली होती.

नाश्ता करून मी समुद्राकडं गेलो. वाळूच्या वर लाकडी ओटा, त्यावर छत्र्या, आणि प्रत्येक छत्रीखाली दोन आरामखुर्च्या. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीत मी बसलो. दुसरीवर खिशातला रुमाल काढून पसरला. तोच निळ्या काठाचा, धुऊन धुऊन विरलेला. तिच्या ट्रंकेत सापडला होता.

मग समुद्र बघितला. मोठा होता. याहून जास्त मला सांगता येणार नाही, कारण माझं निम्मं लक्ष रुमाल वाऱ्यानं उडू नये याकडं होतं. त्यावर मी चष्म्याचं घर ठेवलं.

दहा वाजेपर्यंत ओटा भरला. कुठली तरी मोठी मंडळी आली होती, पोराबाळांसकट. त्यांच्यामागून काठी टेकत एक आजी आली, बरोबर तिची लेक. लेकीनं सगळीकडं नजर फिरवली. जागा नव्हती. आजी कठड्याला धरून उभी राहिली. मी समुद्राकडं बघत राहिलो. बत्तीस वर्षं मी असल्या आजींना जागा काढून दिली, आणि आता मान वळवायला तयार नव्हतो.

खांबावर एक पाटी होती. मी ती आल्याबरोबरच वाचली होती: अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ वस्तू ठेवून खुर्ची अडवू नये. मला इथं दीड तास झाला होता.

वृषाली आली. वाकून हळू आवाजात म्हणाली, "सर, मॅडमना यायला वेळ असेल तर आजींना ही खुर्ची देऊ का? मॅडम आल्या की मी लगेच दुसरी लावते." आणि तिनं चष्म्याचं घर बाजूला केलं. रुमालाचं टोक दोन बोटांत धरलं.

"हात लावू नका त्याला!"

मी ओरडलो. गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत जाणारा माझा आवाज. अख्खा ओटा वळून बघायला लागला, पोरंसुद्धा. वृषालीनं हात मागं घेतला. तिनं मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान मी ओळखली. अशीच मान मी त्या सास्तूरच्या गाडीत बघितली होती, आणि तेव्हा पुढच्या सीटचं तिकीट फाडायला वळलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. आज वळायला पुढची सीट नव्हती.

"पोरी," मी म्हणालो, "चुकलं माझं. तुझा नियम बरोबर हाय. म्याबी असाच उचलत हुतो." मग म्हणायचं ते म्हणालो. "मॅडम येत न्हाईत. मागं कोन न्हाय. ती जानेवारीत वारली."

हे मी पहिल्यांदाच तोंडानं बोललो. मुरुमात बोलायची वेळच आली नव्हती, तिथं लोकच मला सांगत होते.

वृषालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी सर. राहू द्या खुर्ची. मी आजींचं बघते काहीतरी."

"न्हाय," मी म्हणालो. "आजी उभ्या हायत."

मी उठलो. आजीला हाताला धरून आणलं आणि माझ्या खुर्चीत बसवलं. मग भीमाच्या खुर्चीकडं वळलो. रुमालावर ऊन आलं होतं. हा रुमाल पसरून जागा मी धरली, असं मी सकाळपासून समजत होतो. पण रुमाल माझा नव्हता. ज्याचा रुमाल त्याची धरलेली जागा, हा सगळ्या गाड्यांमधला कायदा. आणि भीमाचा रुमाल कुणासाठी जागा धरतो, हे तिनं मला चाळीस वर्षं ताट वाढताना सांगितलं होतं.

मी रुमाल उचलला, घडी करून मांडीवर ठेवला आणि बसलो.

आजी आणि मी समुद्राकडं बघत होतो. लाटा येत होत्या, जात होत्या. आजीनं काठी पायाशी आडवी ठेवली आणि विचारलं, "कुणाची हो जागा धरली होती?"

"माझीच," मी म्हणालो. "बायकोनं धरली हुती. मला बसायला उशीर झाला."